खाऱ्या पाण्यातलं जुनं आउटबोर्ड मशीन: पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी सुरुवातीपासून सगळं

देवबाग-तारकर्लीपासून वर दापोली-मुरूडपर्यंत कुठल्याही खाडीत गेलात तर छोट्या फायबर होड्यांच्या मागे अडकवलेली जुनी टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारी) आउटबोर्ड मशिनं अजून भरपूर दिसतात, यामाहा एन्ड्युरोच्या जातीची, वरचं कव्हर उन्हाने पांढरं पडलेलं आणि तरी दोन दोऱ्यांत चालू होणारी. फोर-स्ट्रोकच्या मानाने यात भाग कमी, वजन कमी आणि थोडं डोकं लावलं तर घरच्या पडवीत उघडता येतं, म्हणून माझ्यासारखे नोकरी सांभाळून गरवायला (गळाने मासे धरायला) जाणारे लोकही सेकंडहँड १५ एचपी शोधत असतात. पण मशीन मिळालं की पुढे काय करायचं हे नीट कोणी सांगत नाही, जो तो तुकड्या-तुकड्यांत सांगतो आणि दोघांचं कधी जुळत नाही. म्हणून हे एका जागी लिहितोय. सगळं टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, ९.९ ते ४० एचपीच्या अंदाजाने आहे.

एक गोष्ट आधीच डोक्यात बसवा. खारं पाणी मशीन चालताना फारसं नुकसान करत नाही. करतं ते तुम्ही मशीन बंद करून घरी गेल्यावर, आतलं पाणी वाळतं, मीठ तिथेच राहतं, आणि मग आठ-पंधरा दिवस ते ॲल्युमिनियम खात बसतं. त्यामुळे रोज धावणारं मशीन बरेचदा महिन्यातून एकदा निघणाऱ्या मशीनपेक्षा तब्येतीने चांगलं असतं.

१. घेताना काय बघायचं आणि कुठले कागद मागायचे

क्लॅम्पच्या बाजूला एक छोटी प्लेट किंवा स्टिकर असतं, त्यावर मॉडेल कोड आणि सिरीयल नंबर असतो. त्याचा फोटो काढून ठेवा. दुकानात जाऊन "१५ एचपीचा इम्पेलर द्या" (म्हणजे थंड करायचं पाणी ओढणाऱ्या पंपातली रबरी चक्री) म्हटलं की हमखास चुकीचा मिळतो, कारण एकाच एचपीची वेगवेगळ्या वर्षांची मॉडेलं वेगळे पार्ट घेतात. प्लेट गंजून वाचता येत नसेल तर भावात तेवढं कमी करून मागा, पुढे पार्ट शोधताना त्रास तुम्हालाच होणार आहे.

कागद: मूळ बिल असेल तर उत्तम, नसेल तर निदान विकणाऱ्याच्या सहीचा विक्रीचा कागद, त्यावर सिरीयल नंबर आणि त्याच्या ओळखपत्राची झेरॉक्स. होडीची नोंदणी आणि विमा असेल तर तेही बघून घ्या. चोरीची मशिनं फिरत असतात, आणि नंबर घासलेलं मशीन कितीही स्वस्त मिळालं तरी नको.

चाचणी एकच महत्त्वाची, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते. दोन्ही प्लग काढा, किल स्विचची (मशीन बंद करायच्या बटणाची) क्लिप काढून ठेवा, प्लगच्या कॅप बॉडीला अर्थ करा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि गेज लावून पाच-सहा वेळा दोरी जोरात ओढा. आकडा किती आला यापेक्षा दोन सिलिंडरमधला फरक बघा, तो दहा टक्क्यांहून जास्त असेल तर रिंग किंवा सिलिंडर गेलाय असं धरून चाला. गेज नाही म्हणणारा विक्रेता भेटला तर आपलं घेऊन जा, महाग नसतं. मशीन "आत्ताच चालवून ठेवलंय, गरम आहे" असं कोणी म्हणालं तर थंड होईपर्यंत थांबा आणि मग चालू करून दाखवायला सांगा. गरम मशीन कुठलंही चालू होतं.

२. हाताशी काय लागतं

- १०, १२, १३, १४ चे पाने, प्लग पाना, चांगला स्क्रू ड्रायव्हर आणि जमलं तर ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर
- २०० लिटरचं प्लास्टिक पिंप, वरून कापलेलं
- पाण्यात न विरघळणारं मरीन ग्रीस, साधं चॅसिस ग्रीस नको
- मरीन गिअर ऑइल आणि ते खालून भरायचा पंप किंवा ट्यूब
- टू-स्ट्रोक मरीन ऑइल, डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं
- जाम बोल्ट सोडवायचा स्प्रे
- जादा प्लग, इम्पेलर किट, पंख्याच्या (प्रोपेलरच्या) पिना, ड्रेन स्क्रूचे वॉशर
- मोबाईल, कारण प्रत्येक गोष्ट उघडण्याआधी फोटो

३. आल्याबरोबर गोडं पाणी

मशीन पिंपात बुडवून गोड्या पाण्यावर दहा-पंधरा मिनिटं चालवायचं, बाकी काही जमलं नाही तरी हे चुकवू नका. पाणी कुठवर हवं? पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते तिच्याही वर, नाहीतर पंप हवा ओढतो. पंखा काढून ठेवा, गिअर न्यूट्रलला, आणि आयडलवरच (रेस न देता) चालवा. बंदिस्त शेडमध्ये करू नका, धूर जीवघेणा असतो.

कानाला लावतात तसे रबरी कप येतात, ते पाण्याच्या जाळीवर बसवून नळ सोडायचा, तेही चालतं, पण आपल्याकडे नळाला दाब असेलच असं नाही आणि कप सरकला तर इम्पेलर कोरडा फिरतो. कोरडा इम्पेलर काही सेकंदांतच खराब होतो. त्यामुळे "आवाज कसा येतो बघू" म्हणून जमिनीवर मशीन सुरू करणाऱ्या मित्रांना लांब ठेवा. माझं मत पिंपाच्या बाजूने आहे.

किती वेळ चालवायचं याला एक साधी खूण आहे. थर्मोस्टॅट (मशीन गरम झालं की उघडणारी पाण्याची झडप) असलेल्या मशीनमध्ये तो उघडेपर्यंत ब्लॉकमधून पाणी नीट फिरतच नाही, म्हणजे दोन मिनिटं चालवून बंद केलंत तर फक्त खालचा पाय (पाण्यात बुडणारा, पंप, गिअर आणि पंख्याचा भाग) धुतलात. ब्लॉक हाताला चांगला कोमट लागला की त्यानंतर पाच-सात मिनिटं धरा. पिंपातलं पाणीही मधून बदला, पहिल्या दोन मिनिटांत ते स्वतःच खारट झालेलं असतं.

झालं की मशीन उभंच ठेवा, सगळं पाणी खाली निथळू दे. आडवं टाकलं तर उरलेलं पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरकडे जाऊ शकतं. होडी खाडीत नांगरून ठेवत असाल तर मात्र मशीन वर उचलून, पाय पाण्याबाहेर. बाहेरून धुताना कव्हर काढून आत पाइप मारू नका, ओल्या फडक्याने मीठ पुसा आणि मग सिलिकॉन किंवा लॅनोलिनचा स्प्रे.

४. पाण्याची धार: सगळ्यात जास्त लक्ष इथे

मशीन चालू असताना मागून जी बारीक धार उडते ती म्हणजे पंप चालू असल्याची खूण. चालू केल्यावर पहिली नजर तिथे जायला हवी, मोबाईलकडे नाही. धार बंद झाली की लगेच मशीन बंद करा, किनारा जवळ आहे म्हणून तसंच हाणू नका, तेवढ्यात पिस्टन चिकटतो.

आता घाबरून लगेच पंप खोलायचा नाही. क्रमाने जा, स्वस्तापासून महागाकडे.

आधी धारेचं भोक. मिठाचा खडा किंवा माशीने केलेलं मातीचं घर अडकलेलं असतं. जाड तंगुसाचा (गळाच्या नायलॉन दोरीचा) तुकडा घेऊन आत सरकवा, बऱ्याचदा काम तिथेच संपतं. तार वापरलीत तर आतली नळी फाटू शकते, तंगूस बरा. मग खालची पाणी ओढायची जाळी बघा, प्लास्टिकची पिशवी, शेवाळ, शिंपल्या. हे दोन्ही ठीक आणि तरी धार अशक्त, तर इम्पेलर.

इम्पेलर दिसायला चांगला असला तरी वर्षातून एकदा बदला, फार तर दोन वर्षांनी. त्याची पाती एका बाजूला वाकून कायमची तशी राहिली असतील, कडेला चिरा असतील, तर तो गेलाच. बदलायचा क्रम असा:

गिअर कुठल्या स्थितीत आहे ते लक्षात ठेवा आणि फोटो काढा. शिफ्टचा रॉड जिथे जोडलेला असतो तिथे सोडवा, हे न करता पाय ओढणारे लोक रॉड वाकवतात. मग पायाचे बोल्ट काढा, एक बोल्ट बहुतेक मॉडेलांत मागच्या छोट्या फिनच्या वर लपलेला असतो आणि तो राहिला की माणूस हातोडा शोधायला लागतो. फिन काढण्याआधी तिच्या कोनाची मार्करने खूण करून ठेवा, नाहीतर पुढे हँडल एका बाजूला ओढत राहील. पाय सरळ खाली उतरवा.

वर पंपाचं घर दिसेल. ते काढलं की इम्पेलर, त्याच्या खाली स्टीलची प्लेट, आणि शाफ्टमध्ये एक छोटी चावी. ही चावी वाळूत पडली की दिवस गेला, म्हणून खाली चादर अंथरा. पंपाच्या घराच्या आतली बाजू आणि प्लेट बोटाने चाचपा, खोल चरे असतील तर नुसता इम्पेलर बदलून उपयोग नाही, पूर्ण किट घाला. जुन्या इम्पेलरचं एखादं पातं गायब असेल तर ते वर कुठेतरी नळीत किंवा थर्मोस्टॅटपाशी अडकलंय, शोधल्याशिवाय बंद करू नका. हे न केल्यामुळेच नवीन इम्पेलर घालूनही मशीन तापत राहतं.

नवीन बसवताना आतून भांडी घासायचा लिक्विड साबण लावा, पेट्रोलियम ग्रीस रबराला चांगलं नाही. शाफ्ट वरून बघताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवत-फिरवत घर खाली दाबा म्हणजे पाती योग्य बाजूला वाकतील.

पाय परत चढवताना दोन खोड्या आहेत. पाण्याची नळी पंपाच्या रबरात नीट शिरली पाहिजे, ती बाजूला गेली तर सगळं घट्ट बसेल आणि धार येणारच नाही. दुसरी, शाफ्टच्या खाचांना बाजूने ग्रीस लावा पण शाफ्टच्या टोकावर थापू नका, तिथे ग्रीस दबून राहतं आणि पाय पूर्ण वर बसत नाही. पाय आणि वरच्या भागात फट राहिली असेल तर बोल्ट आवळून ती मिटवायची नाही, खाली उतरवा, शाफ्ट जरा फिरवा, परत प्रयत्न करा.

एवढं करूनही तापतंय तर थर्मोस्टॅट. तो काढून पातेल्यात गरम पाण्यात टाका आणि थर्मामीटर धरा, साधारण ५० ते ६० डिग्रीच्या आसपास उघडायला हवा, नेमका आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो. आमच्याकडे बरेच जण तो काढूनच टाकतात आणि "आता कधी तापणार नाही" म्हणतात. नाही तापणार, पण मशीन कायम थंड चालेल, प्लग काळे होतील, कार्बन साचेल. नवीन घाला की. ब्लॉकच्या आतलं मीठ काढायला संडास साफ करायचं ॲसिड ओतायचा सल्लाही मिळतो, ते ॲल्युमिनियमच खातं, अजिबात नको.

५. गिअर ऑइल आणि पंखा

दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल ते. खालचा स्क्रू आधी सैल करा, मग वरचा, आणि ऑइल भांड्यात घ्या. दुधाळ कॉफीसारखा रंग दिसला तर आत पाणी शिरलंय. स्क्रूच्या चुंबकाला बारीक चिकट काळपट भुकटी असेल तर ठीक, चमकणारे तुकडे असतील तर गिअरचं काम निघालंय.

भरताना नेहमी खालच्या भोकातून, वरून ऑइल बाहेर येईपर्यंत. वरून ओतलंत तर हवा अडकते आणि वाटतं गिअरबॉक्स भरला. आधी वरचा स्क्रू लावा, मग पंप काढून पटकन खालचा. वॉशर दर वेळी नवीन, दोन-पाच रुपयांच्या वस्तूवर गिअरबॉक्स घालवू नका.

पाणी शिरण्याचं एक मोठं कारण आपणच आहोत, तंगूस. पाण्यात सोडून दिलेला तंगूस पंख्यामागे शाफ्टला गुंडाळला जातो, घर्षणाने गरम होतो आणि ऑइल सील कापतो. म्हणून अधूनमधून पंखा काढून मागे बघा, शाफ्टच्या खाचांना मरीन ग्रीस लावा आणि पिन नवीन घाला. पंखा वर्षभर न काढता ठेवलात तर पुढे तो पुलरनेच निघतो.

६. झिंक

पायावर जो पांढरट धातूचा ठोकळा असतो तो स्वतः झिजून मशीनचं ॲल्युमिनियम वाचवतो. अर्धा झिजला की बदला. त्यावर रंग मारायचा नाही, होडीला रंग मारताना कामगार हौसेने तोही रंगवतात, मग तो नुसता शोभेला राहतो. आणि तो जिथे बसतो ती जागा घासून धातू उघडा करा, गंजाच्या थरावर बसवलेला झिंक काम करत नाही. खाऱ्या पाण्यात झिंक किंवा ॲल्युमिनियमचा चालतो, मॅग्नेशियमचा गोड्या पाण्यासाठी असतो, तो इथे भराभर विरघळून जातो. झिंक बिलकूल झिजतच नसेल तर खूश होऊ नका, त्याचा संपर्कच नाहीये.

होडीच्या तळाला तांब्याचा शेवाळरोधक रंग लावत असाल तर तो मशीनच्या पायाला लागू देऊ नका.

७. पेट्रोल, ऑइल, कार्बोरेटर

मिश्रणाचं प्रमाण तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत बघा. ५० ला १ असेल तर लिटरला २० मिली, म्हणजे १० लिटरला २०० मिली. अंदाजाने "एक टोपण" घालू नका, मापाची बाटली ठेवा. स्कूटरचं टू-टी ऑइल स्वस्त पडतं म्हणून घालणारे आहेत, पण ते हवेवर थंड होणाऱ्या इंजिनासाठी बनलेलं असतं, आपलं मशीन पाण्यावर थंड राहतं, त्यात त्या ऑइलची राख प्लगवर आणि रिंगमध्ये साचते. टीसी-डब्ल्यू३ घ्या.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि कोकणात जून-जुलैत ओलाव्याला काय तोटा. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाशी वेगळं बसतं, आणि पाइप नेमका तळातूनच ओढतो. शिवाय जुन्या मशीनच्या रबरी नळ्या, फ्युएल पंपाचा पडदा, बल्ब (पेट्रोल पुढे ढकलायला नळीवर असलेला रबरी फुगा) हे सगळं या पेट्रोलसाठी बनलेलंच नव्हतं, ते फुगतं, मऊ पडतं. उपाय: एकदाच सगळ्या नळ्या चांगल्या प्रतीच्या टाका, पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा, लागेल तेवढंच पेट्रोल मिसळा, आणि महिनाभर पडून राहिलेलं पेट्रोल मशीनला घालू नका. शंका आली तर काचेच्या बाटलीत तळातलं थोडं काढून पाच मिनिटं ठेवा, थर दिसतो.

खोड ओळखायच्या दोन खुणा. बल्ब दाबत राहिलं की चालतं आणि सोडलं की मरतं, तर फ्युएल पंपाचा पडदा किंवा कुठून तरी हवा ओढली जातेय, कनेक्टरचा ओ-रिंग आधी बघा. आणि चालता-चालता बल्ब आत ओढला जाऊन चपटा होत असेल तर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडलेला नाही. हसू नका, हे सगळ्यांचं होतं.

आयडलवर मरतं पण रेस दिली की ठीक, तर कार्बोरेटरचा आयडल जेट. कार्बोरेटर खोलून जेट स्प्रेने आणि हवेने साफ करा, भोकात तार घालायची नाही, भोक मोठं होतं.

८. स्पार्क

चालू होत नसेल तर प्लग काढा. ओला असेल तर पेट्रोल येतंय, स्पार्क बघा. कोरडा असेल तर वरचा मुद्दा वाचा. प्लग कॅपला लावून त्याची बॉडी ब्लॉकला टेकवा आणि सावलीत दोरी ओढा, मात्र प्लगच्या भोकापासून लांब, तिथे पेट्रोलची वाफ असते.

दोन्ही सिलिंडरला स्पार्क नसेल तर कॉइल-सीडीआय (स्पार्क तयार करणारे भाग) विकत घ्यायला पळू नका. आधी किल स्विचच्या वायरी वेगळ्या करून बघा, मिठाने तो आतून शॉर्ट झालेला असतो. वायरी काढल्यावर स्पार्क आला तर स्विच बदला. अशा वेळी मशीन बटणाने बंद होणार नाही, चोक ओढून बंद करावं लागतं, आणि त्या अवस्थेत समुद्रात जायचं नाही. एकाच सिलिंडरला नसेल तर कॉइल आणि कॅप यांची अदलाबदल करून बघा, दोष सोबत सरकला की सापडला. फ्लायव्हील काढायची वेळ आली तर पुलर आणा, हातोडा मारलात तर आतली चुंबकं सुटतात.

नवा प्लग घेताना जुन्यावरचा नंबर शेवटच्या आकड्यापर्यंत जुळवा. एनजीकेच्या नंबरात शेवटी १० असेल तर गॅप १ मिलिमीटरचा असतो.

९. जाम बोल्ट

स्टीलचा बोल्ट आणि ॲल्युमिनियमची बॉडी यांच्यामध्ये मीठ, म्हणजे वेल्डिंगच जवळपास. पाना लावून लटकलात तर डोकं तुटणार. स्प्रे मारून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी डोक्यावर हलके ठोके द्या, मग आधी थोडं आवळायच्या दिशेने आणि मग सोडायच्या. तरी नाही तर बोल्टभोवतीच्या ॲल्युमिनियमला उष्णता द्या, बोल्टला नाही, आणि त्याआधी पेट्रोलची टाकी, नळ्या, स्प्रे सगळं लांब. परत लावताना प्रत्येक बोल्टला मरीन ग्रीस. कुठलाही बोल्ट कोरडा जायला नको, पुढच्या वर्षी तो तुम्हालाच काढायचाय.

१०. मशीन पाण्यात पडलं तर

क्लॅम्पला जादा दोरी किंवा साखळी बांधा म्हणजे हा मुद्दा वाचावाच लागणार नाही. पडलंच तर बाहेर काढल्यावर लगेच काम करायचं, उद्यावर टाकायचं नाही, कारण गंज हवा लागली की सुरू होतो. लगेच जमणार नसेल तर गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवूनच ठेवा. काम करताना गोड्या पाण्याने धुवा, प्लग काढा, कार्बोरेटर रिकामा करा, मशीन आडवं करून दोरी हळू ओढत सिलिंडरमधलं पाणी काढा, आत ऑइल सोडा आणि त्याच दिवशी चालू करून तासभर चालवा. दोरी ओढताना वाळूची करकर लागली तर थांबा, खोलावं लागेल. आणि चालू असताना बुडालं असेल आणि आता फिरत नसेल तर जोर लावू नका, आतला रॉड वाकलेला असू शकतो, ते मेकॅनिकचं काम.

११. पावसाळ्याची झोप

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि तुमची होडी त्यात बसत नसली तरी त्या समुद्रात जायचं कारण नाही. मशीन काढून घरी आणा. गोड्या पाण्यावर चालवा, शेवटी पेट्रोलची नळी काढून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत चालू द्या, कार्बोरेटरचा खालचा ड्रेन स्क्रूही उघडा. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर टू-स्ट्रोक ऑइल, दोरी चार-पाच वेळा हळू ओढा, प्लग परत लावा. गिअर ऑइल आत्ताच बदला, ऑगस्टमध्ये नाही, पाणी असेल तर ते दोन महिने आत कशाला ठेवायचं.

मशीन स्टँडवर उभं, पडवीत किंवा खोलीत. प्लास्टिक घट्ट गुंडाळू नका, आत घाम सुटतो, जुनी सुती चादर पुरे. कव्हरच्या आत उंदीर घर करतात आणि वायरी कुरतडतात, भोकं जाळीने बंद करा. दर पंधरा दिवसांनी दोरी एकदा हळू ओढून पिस्टनची जागा बदला.

नारळी पौर्णिमेनंतर काढताना ताजं पेट्रोल, आणि पहिल्यांदा जुनेच प्लग लावून पिंपात चालू करा. आतलं ऑइल जळून भरपूर पांढरा धूर येईल, शेजारी विचारायला येतील, चालू द्या. दहा मिनिटांत धूर कमी झाला की बंद करा, मग नवे प्लग घाला आणि धार नीट येतेय ना ते परत एकदा बघून मगच होडीला चढवा.